उलट्या चंद्राचे मिस्त्री

दातेमिस्त्री, जन्म १९५०, मृत्यू २०२१. विज्ञान संग्रहालयाच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे यंत्रकार. त्यांपैकी अखेरची नऊ वर्षे मुख्य यंत्रकार. सेवापुस्तिकेत त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यथास्थित नोंदलेले आहे. मात्र त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचे कोणाच्याही स्मरणात नाही. ‘दातेमिस्त्री’ हे नाव कार्यशाळेतल्या रंगाऱ्याने ठेवले. कोणतेही दातेरी चाक हाती आले की मिस्त्री प्रथम त्याचे दाते मोजत आणि मोजून झाले की विरुद्ध दिशेने पुन्हा मोजत. “यांच्यासमोर हसायची चोरी,” रंगारी म्हणे, “आधी दात मोजतात, मग हसण्याचं कारण विचारतात.”

त्यांची पहिली पत्नी १९८६ साली आजारपणात गेली. त्यानंतर सहा वर्षे ते एका खोलीत एकटे राहिले. त्या खोलीत एक लोखंडी पेटी, एक हत्यारांची पेटी आणि भिंतीवरचे एक घड्याळ होते. घड्याळ सात मिनिटे पुढे होते. पत्नीने ते तसे लावले होते, म्हणून शहरातली निम्मी घड्याळे दुरुस्त करून देणाऱ्या या माणसाने त्याला कधी हात लावला नाही.

१९९२ साली त्यांनी टपाल कार्यालयात पत्रांची छाननी करणाऱ्या एका विधवेशी लग्न केले आणि वर सांगितलेल्या तीन वस्तू घेऊन ते तिच्या घरी राहायला गेले. घर दोन खोल्यांचे, वह्या-कागदांच्या दुकानावरचे होते. त्यात एक नऊ वर्षांची मुलगी होती. लग्नाला तिने विरोध केला नाही. पण या नव्या माणसाला काय म्हणावे, हे तिला कोणी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. ती हवेत बोलू लागली. “चहा झालाय.” “दार लावायचं राहिलंय.” “उद्या पाणी येणार नाहीये.” वाक्य कोणासाठी आहे, हे ज्याचे त्याने ओळखायचे.

दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींच्या हातून एक आगळीक घडली. निदान त्यांनी तरी तिची गणना आगळिकीत केली. मुलीची अंकगणिताची वही टेबलावर उघडी पडली होती. अकरा उदाहरणे सोडवलेली होती, त्यांतली चार चुकलेली. मिस्त्रींच्या खिशात धातूवर खुणा करण्याची लाल पेन्सिल होती. त्यांनी चारही उदाहरणे पायऱ्या-पायऱ्यांनी, सुबक अक्षरात सोडवून ठेवली. सकाळी मुलीने वही पाहिली, मिटली, दप्तरात घातली आणि त्या दिवसापासून तिची वही टेबलावर कधी राहिली नाही.

मिस्त्रींनी काय समजायचे ते समजले. या मुलीची चूक तिच्या तोंडावर दाखवायची नाही, असा त्यांनी आपल्याशी नियम केला. आणि नियम केला की तो पाळणे हा त्यांचा स्वभावच होता. पुढची सोळा वर्षे ते तिची प्रत्येक मोडलेली वस्तू तिच्या नकळत दुरुस्त करीत राहिले. सायकलचा ब्रेक, छत्रीची काडी, ढिला पडलेला कंपास, पुढे कॉलेजात ड्रॉइंग बोर्डाचा डुगडुगणारा पाय. ती घरी येण्याच्या आत वस्तू जागच्या जागी असे. तिने कधी विचारले नाही. तिला कधी सांगावे लागेल अशी वेळ आली नाही, याबद्दल मिस्त्री मनोमन कृतज्ञ असत.

कार्यशाळेतही त्यांची रीत हीच होती. वरच्या मजल्यावरच्या आरेखकांनी काढलेले यंत्रांचे नकाशे खाली येत. नकाशात एखादे माप चुकलेले असले, तर नियमानुसार छापील शंकापत्र भरून ते संचालकांमार्फत आरेखकाकडे पाठवायचे. एकतीस वर्षांत मिस्त्रींनी एकही शंकापत्र भरले नाही. “नकाशातली चूक हातानं दुरुस्त करायची, तोंडानं नाही,” असे ते नव्या माणसांना सांगत. वरच्यांचा मान राहतो, खालच्यांचे काम होते आणि कागद वाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. आरेखकही कधी खाली फिरकत नसत. त्यामुळे आपल्या किती चुका तळमजल्यावर निकालात निघाल्या, याचा वरच्या मजल्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

२००८ साली संग्रहालयात आरेखकाची एक जागा निघाली आणि मुलीने अर्ज केला. तिने पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि यंत्ररेखनाचा अभ्यासक्रम वेगळा पूर्ण केला होता. मुलाखतीच्या दिवशी मिस्त्रींनी रजा टाकली, म्हणजे वशिला लावला असे उद्या कोणी म्हणायला नको. ती निवडली गेली, सहा महिन्यांच्या परीक्षाकाळावर. घरून दोघेही एकाच वेळी निघत. रस्त्यात मात्र मिस्त्री मुद्दाम दहा पावले मागे राहत.

तिला मिळालेले पहिले मोठे काम नेपच्यून या ग्रहाच्या प्रतिकृतीचे होते. मध्ये ग्रहाचा निळा गोल, भोवती चार चंद्र, आणि सगळे हाताने फिरवायच्या एका मुठीवर चालणारे. मूठ मुलांनी फिरवायची असल्याने वीज नको, असा संचालकबाईंचा आग्रह होता. नकाशा क्रमांक सात खाली आला तेव्हा मिस्त्रींनी तो दोन दिवस भिंतीवर लावून नुसता पाहिला. रेषा स्वच्छ होत्या. मापे एकाखाली एक, ओळीत होती. कक्षेचा तिरपेपणा या यंत्राला दाखवता येणार नाही, अशी प्रामाणिक टीपही तळाशी होती. मिस्त्रींना इतका आनंद झाला की त्यांनी रंगाऱ्याला स्वखुशीने चहा पाजला. ही घटना रंगारी पुढे पुष्कळ वर्षे तारखेसह सांगत असे.

मग चाके ज्यावर बसवायची तो पितळी पाट कापून झाला, आसांसाठी भोके पाडून झाली, आणि चाके बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी दिशा तपासल्या.

तीन चंद्रांची रचना सारखी होती. एक चाक फिरवणारे, एक फिरणारे. चौथ्या, सर्वांत मोठ्या चंद्राच्या रचनेत मात्र या दोहोंच्या मध्ये तिसरे चाक होते. मधल्या चाकाने वेग बदलत नाही, फक्त दिशा बदलते. म्हणजे तीन चंद्र एका दिशेने जाणार आणि चौथा नेमका उलटा. बाणही उलटाच काढलेला होता.

मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. बाण उलटाच राहिला.

रंगारी ग्रहाचा गोल घासत बसला होता. त्याने मान लांब केली. “काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तुमच्या मिश्या हलतात. बघू.” त्याने नकाशा पाहिला. “अरे! हा एक चंद्र भांडून निघालाय की काय?”

“चुकून पडलं असेल एक चाक जास्त.”

“मग विचारा ताईंना. तुमचीच पोरगी.”

“इथे ती आरेखक आहे.”

“बरं, आरेखकाला विचारा. जिना चढायला काय पैसे पडतात?”

“विचारलं की शंकापत्र भरावं लागतं. ते बाईंकडे जातं. तिचे सहा महिने पुढच्या आठवड्यात पुरे होतायत.”

“मग घरी विचारा. जेवताना.”

घरी विचारणे म्हणजे पुन्हा ती लाल पेन्सिल. त्यांनी रीतीप्रमाणे केले. शनिवारचा पूर्ण दिवस खर्चून त्यांनी अठ्ठेचाळीस दात्यांचे आणखी एक चाक कापले, मधले चाक त्याच्या ठरलेल्या भोकावरून हलवले, आणि दोन्ही चाके बाजूला जोडीने बसवली. आता मध्ये दोन चाके झाली. दोनदा उलटले की सुलटे होते. चौथा चंद्र निमूटपणे इतरांच्या मागून चालू लागला. मिस्त्रींनी तो लागोपाठ तीस वेळा फिरवून पाहिला. घरी जाताना ते शीळ घालत होते. आपल्यामुळे मुलीची नोकरी कायम होणार आणि तिला ते कधीच कळणार नाही, या विचाराने त्यांना एखाद्या सणाच्या दिवसासारखे हलके वाटत होते.

सोमवारी सकाळी अकरा वाजता संचालकबाई पाहणीला आल्या. त्या स्वतः खगोलशास्त्राच्या. साठीच्या आसपास वय, शब्द मोजून वापरण्याची सवय. त्यांच्या हातातल्या फायलीत मुलीचा परीक्षाकाळाचा अहवाल होता, त्यावर पाहणी संपल्यावर जागेवरच सही करायची होती. मुलगी शेजारी उभी होती. मिस्त्री नेहमीप्रमाणे चार पावले मागे.

बाईंनी मूठ फिरवली. चाकांचा मऊ, एकसारखा आवाज झाला. चार चंद्र निघाले. बाई थांबल्या, त्यांनी चष्मा नाकावरून खाली केला.

“हा मोठा इतका शहाण्यासारखा का चाललाय?”

त्यांनी मूठ आणखी एकदा फिरवली.

“ट्रायटन आहे ना हा? साऱ्या सूर्यमालेत एवढा मोठा दुसरा चंद्र नाही जो उलटा फिरतो. तेवढंच पाहायला लोक येणार. आणि आपण त्याला सुतासारखा सरळ करून ठेवलाय.” त्या मुलीकडे वळल्या. “नकाशात कसं होतं?”

मुलीने नकाशा उलगडला. बाण उलटा होता, मधले चाक एकच होते. मग तिने टॉर्च घेतला आणि खाली वाकून पाटाखाली पाहिले. मिस्त्रींना माहीत होते तिला काय दिसणार. जिथे तिचे चाक असायला हवे होते तिथे एक रिकामे भोक होते, आणि शेजारी दोन चाके खांद्याला खांदा लावून बसली होती. चूक म्हणावी तर इतके नेटके काम चुकून होत नाही.

ती बराच वेळ वाकून राहिली. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. “मी जोडणीच्या वेळी खाली यायला हवं होतं,” ती म्हणाली. “आले नाही. माझी चूक.”

ती खोटे बोलत नव्हती. पण खरे त्याहून मोठे होते आणि ते त्यांच्याजवळ होते. सांगावे तर भरल्या खोलीत कबूल करायचे, की हिला येत नाही असे मी धरून चाललो. न सांगावे तर तिचा अहवाल तिच्याच शब्दांनी बिघडणार.

मिस्त्री चार पावले पुढे आले.

“बाई, नकाशा बरोबर होता. चूक आहे असं मी समजलो. न विचारता एक चाक जास्त घातलं. शंकापत्र भरलं नाही.”

“का नाही भरलं?”

“भरलं असतं तर तुमच्याकडे आलं असतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि फाईल मिटली. “उद्घाटन बुधवारी आहे. मी चार वाजता परत येते. तेव्हा हा उलटा चालायला हवा. सही तेव्हा बघू.” दाराशी त्या थांबल्या. “आणि मिस्त्री, चाक सुरेख कापलंय. कुठे तरी वापरा.”

बाई गेल्या तशी रंगाऱ्याने आपली डबी-ब्रश उचलली. “मिस्त्रींनी आज जावईशोध लावला,” तो जाता जाता म्हणाला, “आकाशातली चूक दुरुस्त केली!” आणि दार ओढून घेऊन गेला. माणूस तोंडाळ होता, पण कधी निघून जावे ते त्याला कळत असे.

मिस्त्रींनी पाट उलटा करून कामाच्या टेबलावर ठेवला. मुलगी समोरच्या स्टुलावर बसली. सहा महिन्यांत ती तिथे प्रथमच बसत होती.

“मला विचारायचं होतं,” ती म्हणाली. वाक्य हवेत नव्हते.

“हो.”

“एक प्रश्न. हा बाण असाच आहे का? बस. मी सांगितलं असतं.”

“तुला आवडत नाही चूक दाखवलेली. म्हणून नाही विचारलं.”

“कोण म्हणालं?”

“कोणी नाही. ती वही.” मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “गणिताची. मी लाल पेन्सिलीनं चार गणितं सोडवली होती. तू मिटून टाकलीस. परत कधी बाहेर ठेवली नाहीस. तेव्हापासून तुझं काही मोडलं, तर न बोलताच दुरुस्त करत आलो.”

मुलगी आठवत राहिली. डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. “कोणती वही?”

“चौथीतली.”

“मला नाही आठवत.”

“अकरा गणितं होती.”

“असतील. खरंच नाही आठवत.” ती आता हसू लागली होती, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आले. “सोळा वर्षं? आणि तो सायकलचा ब्रेक? छत्री? मला वाटायचं आईनं दुकानातून करून आणलं.”

“दुकानदार काडी इतकी सरळ लावत नाहीत,” मिस्त्री म्हणाले. त्यांना राहवले नाही.

“आणि मी बोर्डाचा पाय आपोआप बरा झाला म्हणून मैत्रिणींना सांगत फिरले!” तिने कार्यशाळेतले पुसण्याचे फडकेच डोळ्यांना लावले आणि गालावर तेलाचा पट्टा ओढून घेतला. “आता मी पण सांगू? मला काय हाक मारावी ते सुचत नव्हतं. सुरुवातीला लाज वाटली. मग सवयच पडली. राग नव्हता.”

मिस्त्रींनी मान हलवली. सोळा वर्षे ज्या दगडाला वळसा घालून चाललो, तो तिथे नव्हताच, हे कळल्यावर माणसाला प्रथम मूर्खासारखे वाटते; आनंद त्यानंतर, सावकाश येतो. त्यांनी जादा चाकाची खीळ काढली, चाक फडक्यावर ठेवले आणि पहिल्यांदाच, सरळ, आपल्या मुलीला एक प्रश्न विचारला.

“तो उलटा का फिरतो?”

मुलीने स्टूल पुढे ओढले. टेबलावर बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांची ताटली होती. तिने चार गोळ्या वेगळ्या केल्या आणि ताटलीच्या मध्ये ग्रह म्हणून एक नट ठेवला.

“ग्रह तयार होताना त्याच्याभोवती वायूचा आणि धुळीचा भोवरा असतो. त्यातूनच त्याचे स्वतःचे चंद्र बनतात. सगळे एकाच भोवऱ्यातले, म्हणून सगळे एकाच दिशेनं जातात. घरचे.”

“आणि हा?”

“हा घरचा नाही. हा बाहेरचा. सूर्यापासून फार लांब, बर्फाच्या गोळ्यांच्या वस्तीतून आलेला. उलटा फिरणारा चंद्र त्या भोवऱ्यातून निघूच शकत नाही. म्हणजे तो नंतर येऊन राहिलाय.”

मिस्त्रींनी एक गोळी ताटलीच्या उतारावरून सोडली. ती मधल्या नटाजवळून वळली आणि दुसऱ्या काठावरून बाहेर पडली. “येईल तसा जाईल की. राहील कसा? वेग आहे ना अंगात.”

“बरोबर!” मुलगी टेबलावर थाप मारून म्हणाली. “तीच तर अडचण. नुसती ओढ पुरत नाही. जवळून वळेल आणि निघून जाईल. राहायचं तर वेग टाकावा लागतो. ब्रेक कुठून आणायचा? कोणी म्हणतात, त्या काळी ग्रहाभोवती दाट वायू होता, त्यात घासून मंदावला. कोणी म्हणतात, आधीच्या एखाद्या चंद्रावर आदळला. पण मला पटतं ते अलीकडचं मत. खात्रीनं कोणालाच माहीत नाही, बरं का.”

“काय आहे ते?”

तिने दोन गोळ्या एकमेकींना चिकटवून धरल्या. “तो एकटा आला नव्हता. दोघं होते. एकमेकांभोवती फिरत फिरत आले. ग्रहाजवळ आल्यावर ओढीनं जोडी तुटली. एकजण दोघांच्या वाटणीतला जास्तीचा वेग घेऊन निघून गेला. म्हणून दुसऱ्याचा वेग कमी झाला आणि त्याला राहता आलं.”

मिस्त्रींचा हात पाटावर थांबला. बाहेर रंगारी कोणाशी तरी बादलीवरून वाद घालत होता.

“जो गेला त्याचं काय झालं?” त्यांनी विचारले.

“माहीत नाही. त्याचा माग कोणालाच नाही.”

“हं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी मधले चाक उचलले, दाते मोजले, विरुद्ध दिशेने पुन्हा मोजले. मग म्हणाले, “आणि आल्यावर याला जमलं? घरच्यांत?”

“सुरुवातीला काहीच जमलं नाही. कक्षा लांबच लांब, अंड्यासारखी. एकदा जवळ, एकदा पार दूर. जे चंद्र आधीपासून होते ते याच्या येण्यानं विस्कटले, आदळले, आणि एकजण तर अजून कुठल्या कुठे लांब फेऱ्या मारतो.”

“म्हणजे आल्या आल्या घर उधळलं त्यानं.”

“उधळलं,” मुलगी म्हणाली. “पण मग ग्रहाच्या ओढीनं तो आतून कणकेसारखा मळला गेला, तापला, आणि घासत घासत त्याची कक्षा गोल झाली. इतकी, की आज जवळजवळ कंपासनं काढल्यासारखी आहे. फिरतो अजून उलटाच. पण नेपच्यूनचे सगळे चंद्र एका तराजूत घातले ना, तर शंभरातलं नव्याण्णवाहून जास्त वजन एकट्या याचं भरेल.” ती क्षणभर थांबली. “मिस्त्री, मी चंद्राबद्दल बोलतेय.”

“मी कुठे काय म्हणालो?” मिस्त्री म्हणाले. पण त्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

रिकामे भोक जागेवर होते, हे बरे झाले. सर्व भोके आधी पाडून घेण्याच्या सवयीमुळे नव्याने काही करावे लागले नाही. मुलीने खीळ धरली, मिस्त्रींनी चाक बसवले. पहिल्यांदा ते किंचित अडले. तिने नकाशाकडे पाहिले आणि म्हणाली, “इथे पाव मिलिमीटर मी जास्त धरलाय वाटतं.” मिस्त्रींनी सवयीने कानस उचलली, मग खाली ठेवली आणि तिला विचारले, “घासू?” ती म्हणाली, “घासा. आणि नकाशावर लिहू या.” खिशातली लाल पेन्सिल त्यांनी तिच्याकडे दिली.

चार वाजता बाईंनी मूठ फिरवली. तीन चंद्र एका दिशेने निघाले आणि चौथा, सर्वांत मोठा, त्यांना सामोरा आला, प्रत्येकाच्या अंगावरून सावकाश पुढे गेला. बाईंनी मूठ गरजेपेक्षा बरीच जास्त वेळ फिरवली. मग टेबलावरच्या तेलकट फडक्याला न लागेल अशा बेताने फाईल ठेवून त्यांनी सही केली. शेऱ्याच्या जागी लिहिले: ‘नकाशा अचूक. पाव मिलिमीटरची चूक स्वतः शोधून स्वतः नोंदवली. कायम करावे.’

त्या संध्याकाळी घरी जाताना मिस्त्री दहा पावले मागे राहिले नाहीत. वह्यांच्या दुकानाचा जिना चढताना मुलगी वरून म्हणाली, “मिस्त्री, किल्ली तुमच्याकडे आहे का?” आत तिच्या आईने ते ऐकले आणि ती चमकून दारात आली. “घरात कसलं गं मिस्त्री? काही रीतभात?” मिस्त्री घाईघाईने म्हणाले, “असू दे, असू दे. चांगलं आहे.” पुढची तेरा वर्षे ती त्यांना मिस्त्रीच म्हणाली. तिची मुले ‘मिस्त्रीआजोबा’ म्हणू लागली. कोणी याचे आश्चर्य केले, तर मिस्त्री सांगत, की जगात बाप पुष्कळांना मिळतो, आपल्या कामाच्या नावाने हाक मारणारी लेक मिळायला भाग्य लागते.

यानंतर काय ठरले आणि काय राहिले, ते येणेप्रमाणे.

जादा चाक कार्यशाळेच्या दाराशी खिळ्याला टांगले गेले. ते आजही तिथे आहे. नवा माणूस आला की त्याला ते दाखवून एवढेच सांगितले जाते: आधी विचारा. शंकापत्रे आता संचालकांकडे जात नाहीत. नकाशाच्या पाठीवरच दोन रकाने असतात, डावीकडे कार्यशाळेचा प्रश्न, उजवीकडे आरेखकाचे उत्तर. आणि जोडणीच्या दिवशी आरेखकाने खाली येऊन स्टुलावर बसायचे, असा नियम आहे. तो मिस्त्रींनी सुचवला आणि मुलीने लिहून काढला. प्रतिकृती अजून चालते. मुठीचे लाकूड दोनदा बदलावे लागले, चाके एकदाही नाहीत.

२०१० साली मिस्त्री निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी फक्त चार वाक्यांचे भाषण केले आणि चारही वाक्ये आभाराची होती. त्यांतले एक रंगाऱ्याच्या वाट्याला गेले, तेव्हा त्याला प्रथमच काही टोमणा सुचला नाही. सात मिनिटे पुढचे घड्याळ त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत लावले. ते त्यांनी कधी बरोबर केले नाही आणि घरात कोणी करा म्हटले नाही.

घरच्या गॅलरीत त्यांनी एक लहान टेबल मांडले आणि दुसऱ्या यंत्राला हात घातला. जोडीने येणारे दोन गोळे, मधला ग्रह, एकाने निघून जाणे आणि एकाने राहणे, हे त्यांना मुठीवर चालवून दाखवायचे होते. अडचण त्यांना पहिल्याच महिन्यात कळली. चाकांचा धर्म असा, की त्यांवरून गेलेले सर्व काही फिरून परत येते. जे कायमचे जाते ते चाकांनी दाखवता येत नाही. त्यांनी आकडा करून पाहिला, उतार करून पाहिला, कमानीची स्प्रिंग करून पाहिली. अकरा वर्षांत पाच चाके आणि एक सुटणारा आकडा एवढे तयार झाले. आकडा उत्तम सुटतो. गोळा उतारावरून जातो आणि डब्यात पडतो. पण मग पुढच्या फेरीसाठी कोणी तरी त्याला उचलून परत जागेवर ठेवावे लागते, आणि ते मिस्त्रींना पटत नव्हते.

२०२१ साली, अंथरुणाला फार न खिळता, ते गेले. ती लोखंडी पेटी त्यांनी मुलीच्या नावे ठेवली होती. आत पाच चाके, आकडा, एक गोळा, लाल पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि त्यांच्या हाताचा नकाशा. नकाशाच्या पाठीवर, नियमाप्रमाणे, दोन रकाने आखलेले. डाव्या रकान्यात सुबक अक्षरात एकच प्रश्न: ‘गेलेला गोळा परत जागेवर ठेवावा, की प्रत्येक फेरीला नवा घ्यावा? आरेखकाने सांगावे.’

मुलगी आता आरेखन विभागाची प्रमुख आहे. पेटी तिच्या टेबलावर आहे. सवड काढून ती आठवड्यातून एकदा खाली येते, स्टुलावर बसते आणि सहावे चाक थोडेथोडे कापत जाते. उजवा रकाना अजून कोरा आहे. विचारले आहे तर उत्तर द्यायलाच हवे, असे ती म्हणते. पण यंत्र चालवून पाहिल्याशिवाय ते लिहायचे नाही.